ग्रासकटर प्रवेशिका, भाग पहिला : चालू करणे

ही प्रवेशिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोणाला म्हणावं? गणपतीच्या दोन-तीन दिवस आधी मुंबईहून गावी उतरलेला, रस्त्यापासून घरापर्यंतच्या पायवाटेवर कमरेएवढं रान माजलेलं बघून ‘हात्तिच्या, अर्ध्या तासाचं काम’ असं सर्वांदेखत बोलून बसलेला, आणि पडवीच्या कोपऱ्यातलं, गोणपाटाखाली झाकलेलं जुनं ग्रासकटर खळ्यात आणून उभा राहिलेला कोणीही या व्याख्येत बसतो. वय, शिक्षण, मुंबईतला हुद्दा यांचा काही संबंध नाही. उलट उमेदवार इंजिनिअर असेल तर अडचण थोडी वाढते. मशीन सुरू न होण्याची कारणं त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असतात आणि ती सगळी तो एकाच वेळी शोधायला लागतो.

ज्यांचं मशीन दर पंधरवड्याला चालतं त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांचं मशीन सुरू होतं.

साहित्य

शाळेतल्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा क्रम असे. आपण सगळ्यांनी अनुमान आधी गाइडातून उतरवलं आणि निरीक्षण मागाहून त्याला जुळवलं. ती सवय इथे नडते. ‘कार्बोरेटर गेला असणार’ हे अनुमान मशीन पडवीबाहेर येण्याआधीच कोणीतरी जाहीर केलेलं असतं. या प्रवेशिकेचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच आहे की निरीक्षण आधी व्हावं.

तर साहित्य : १९ मिलिमीटरचा प्लगपाना, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, सुती फडका, बारीक पॉलिशपेपरचा तुकडा, काचेची रिकामी पारदर्शक बाटली, खोकल्याच्या औषधावरचं मापाचं टोपण, टू-टी ऑइल आणि आज पंपावरून आणलेलं पेट्रोल. ‘आज’ या शब्दाखाली लाल रेघ मारून ठेवा.

याखेरीज एक माणूस लागतो, जो शेजारी उभा राहील आणि बोलणार नाही. हा जिन्नस गावात मिळत नाही. त्याच्यावाचून भागवावं लागतं.

ओळख पटवणे

मशीन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हे आधी बघा. इंजिनाला ऑइल भरायचं वेगळं झाकण, आत तेल मोजायची कांडी, असं काही दिसलं तर फोर-स्ट्रोक. त्यात साधं पेट्रोल जातं आणि ऑइल आपल्या जागी वेगळं असतं. तसं काही नसेल आणि पेट्रोलचं एकच झाकण असेल, तर टू-स्ट्रोक. कोकणातल्या पडव्यांमधली जुनी मशिनं बहुतेक याच जातीची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने या इंजिनाची सोपी रचना बसवली : व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टनच वरखाली होताना भोकं उघडतो-मिटतो, आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या पेटीत शिरून मग वर जातं. त्या पेटीतून ताजं मिश्रण वाहत असल्यामुळे तिथे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच कालवायचं. हे एवढं समजलं तरी पुढचं निम्मं दुखणं समजतं.

पेट्रोल

आता टाकीचं झाकण उघडा आणि वास घ्या.

ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो. टाकीतलं पेट्रोल गेल्या दिवाळीतलं असेल तर वास मंद, आंबूस, वॉर्निशकडे झुकणारा येतो. पेट्रोलमधले जे हलके घटक चटकन वाफ होऊन थंड इंजिनाला पेट देतात, तेच सगळ्यात आधी उडून जातात. मागे उरतं ते दिसायला पेट्रोल असतं. ते जळतंही, पण काडी लावली तर. प्लगच्या एवढ्याशा ठिणगीला ते दाद देत नाही. शिवाय वाळत आलं की कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकांवर चिकट पापुद्रा धरतं.

त्यात आता इथेनॉल. जून २०२२ मध्ये देशातल्या पेट्रोलने दहा टक्के इथेनॉलची मजल गाठली, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ मध्ये तेच सर्रास झालं. इथेनॉलचा गुण असा की ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आषाढात सिंधुदुर्गातल्या हवेत पाण्याला तोटा नसतो. पुरेसं पाणी ओढून झालं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं टोक नेमकं तळाशीच लोळत असतं. तुमचं मशीन पहिला घोट त्या पाण्याचा घेतं.

कृती : टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि उजेडात धरा. टू-टी ऑइलला रंग दिलेला असतो, त्यामुळे ताजं मिश्रण सगळीकडे सारखं निळसर किंवा हिरवट दिसतं. बाटलीत दोन थर दिसले, तळाला पाण्याचे मणी लोळताना दिसले, किंवा रंग उडून चहासारखा झाला असेल, तर ते बाजूला करा. ‘अरे लिटरभर आहे, टाकतोस कशाला, नवीन त्यात मिसळ’ असं म्हणणारे वडीलधारे खळ्यात हजर असतील. त्यांचा मान राखून बाटली त्यांच्या स्वाधीन करावी. ओहोळात मात्र ओतू नये.

नवं मिश्रण करताना मशीनवर लिहिलेलं प्रमाण बघा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल, ४०:१ असेल तर २५, आणि २५:१ असेल तर ४०. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं टोपण इथे कामाला येतं. ‘अंदाजाने’ हा शब्द ज्या घरात चालतो त्या घरातलं मशीन दोनपैकी एका आजाराने जातं. तेल कमी पडलं तर पिस्टन घासून बोअरला चिकटतो, आणि तो खर्च नव्या मशीनच्या किमतीशी स्पर्धा करतो. तेल जास्त झालं तर प्लग काळा पडतो, सायलेन्सर काजळीने बुजतो आणि खळ्यात एवढा धूर होतो की शेजारी विचारायला येतात. कालवायचं ते डब्यात, झाकण लावून, हलवून. टाकीत आधी पेट्रोल, मग वरून तेलाची धार, हे कालवणं नव्हे.

एवढं करून जेवढी मशिनं सुरू होतात तेवढी प्लगपाना वापरून होत नाहीत. नवं पेट्रोल हा इलाज इतका साधा आहे की तो शेवटी आठवतो.

दोरी

आता ज्या क्षणाची सगळे वाट बघत आहेत तो आला आहे. तरीही दोरीला हात लावू नका. आधी स्विच बघा.

स्विचवर रेघ आणि शून्य अशा दोन खुणा असतात. रेघ म्हणजे चालू. गेल्या वेळी मशीन ज्याने बंद केलं त्याने ते स्विचनेच बंद केलं होतं, आणि तो स्विच आज सकाळपर्यंत तसाच आहे. दंड भरून येईपर्यंत दोरी ओढल्यावर पाच वर्षांच्या पुतणीने ‘हे बटण कसलं?’ असं विचारावं, हा प्रसंग टाळता येण्याजोगा आहे.

मशीन जमिनीवर आडवं ठेवा. पातं कशालाही टेकलेलं नको. कार्बोरेटरखालचा रबरी फुगा दाबा, नळीतून पेट्रोल सरकताना दिसेपर्यंत, साधारण सात-आठ वेळा. जास्त दाबला तर काही बिघडत नाही, जादा पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत जातं. चोक लावा. डाव्या हाताने इंजिनाकडची बाजू जमिनीवर दाबून धरा. दोरी हळूहळू ओढा, आतून अडथळा लागेपर्यंत. तिथून पुढे एकच सणसणीत झटका, हातभर. दोरी पूर्ण लांबीपर्यंत ओढायची नाही, आणि मूठ सोडूनही द्यायची नाही. आतली स्प्रिंग तुटली की ती गुंडाळणं हे वेगळ्या प्रवेशिकेचं काम आहे.

चेतक किंवा लुना चालवलेल्या पिढीसाठी एक सूचना. १९७२ साली या दोन्ही गाड्या बाजारात आल्या आणि टू-स्ट्रोक इंजिनाशी आपली घरगुती ओळख करून दिली. स्कूटर सुरू झाली नाही की ती एका कुशीवर कलंडवायची, हा त्या पिढीचा संस्कार. ग्रासकटर कलंडवून उपयोग नाही. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तिच्यावर तरंगणारा फ्लोट असतो. ग्रासकटरमध्ये वाटीच नाही, पातळ पडदा असतो, म्हणून तर उतारावर, बांधावर, कसंही धरलं तरी ते चालतं. तुम्ही कलंडवलं तर त्याला कळणारही नाही.

आता नीट ऐका, कारण सगळ्या प्रकरणाची चूक इथेच होते. चोक लावून दोरी ओढत असताना, दुसऱ्या-तिसऱ्या, फार तर पाचव्या झटक्याला मशीन ‘फट्’ असा आवाज करतं आणि गप्प होतं. ही त्याची ढेकर. पेट्रोल पोचलं, ठिणगी पडली, आता हवा सोडा, एवढं ते त्या एका आवाजात सांगून जातं. त्याच क्षणी चोक काढायचा आणि पुन्हा ओढायचं. बहुधा दोन-तीन झटक्यांत मशीन धरतं.

पण त्या क्षणी नेमकं काय होतं? बेड्याजवळून कोणीतरी हाक मारतं, ‘कधी इलस?’ आतून चहाची विचारणा होते. ढेकर कोणी ऐकत नाही. चोक तसाच राहतो, झटके चालू राहतात, हवा बंद आणि पेट्रोल चालू, आणि प्लग चिंब भिजतो. याला मिस्त्री लोक ‘ओव्हर झालं’ म्हणतात. ओव्हर झालेलं मशीन पुढच्या पन्नास झटक्यांनीही सुरू होत नाही. ओढणाऱ्याला मात्र वाटतं की आपला जोर कमी पडतो, म्हणून तो शर्ट काढतो, आणि मग कॉलेजात व्यायामशाळेत जाणाऱ्या पुतण्याला बोलावलं जातं. पुतण्याच्या हाताने दोरी तुटण्याआधी थांबा.

नियम असा ठेवा : आठ-दहा झटक्यांत ढेकर आली नाही तर दोरी सोडायची आणि पाना उचलायचा.

प्लग

प्लगच्या भोवती साचलेली माती आधी ब्रशने झाडा, नाहीतर प्लग निघताना ती थेट सिलिंडरमध्ये पडते. टोपी धरून ओढा, वायर धरून नाही. प्लग सोडवा, आणि त्याच्या टोकाकडे एक पूर्ण मिनिट नुसतं बघा. या मशीनमध्ये सत्य सांगणारी हीच एक वस्तू आहे.

प्लग ओला आहे की सुका? सगळी विद्या या एका प्रश्नात आहे. सुका असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचत नाही. मग करंट, कॉइल, मॅग्नेट यांच्याबद्दल कोणी कितीही बोललं तरी ऐकायचं नाही. ओला असेल तर पेट्रोल भरपूर पोचतंय. मग कार्बोरेटर खोलायला निघालेल्या मेहुण्याला चहा द्यायचा आणि बसवायचं. गावागावांत या घडीला चांगले कार्बोरेटर ओल्या प्लगापायी उघडले जात असतील, आणि चांगल्या कॉइली सुक्या प्लगापायी बदलल्या जात असतील.

टोकाचा रंग बदामी असेल तर मागच्या वेळी इंजिन नीट जळत होतं. कोरडी काजळी असेल तर हवा कमी किंवा चोक अर्धवट. चिकट काळं तेल असेल तर मिश्रण अंदाजाने केलेलं. ब्रशने आणि पॉलिशपेपरने साफ करा, फडक्याने पुसा. दोन टोकांमधली फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावी. मोजायची पट्टी नसेल तर मुंबईच्या ऑफिसची दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक धरून सरकवा. त्या कार्डांचा गावात दुसरा उपयोग होत नाही. प्लग गॅसच्या ज्योतीवर तापवायचा सल्ला हमखास मिळेल. तापवून तो सुकतो हे खरं, पण आतल्या पांढऱ्या चिनी मातीला तडा जाऊ शकतो, आणि तो तडा बाहेरून दिसत नाही. नवा प्लग स्वस्त असतो. जुना खिशात घालून दुकानात न्या, म्हणजे त्याच लांबीचा आणि त्याच नंबरचा मिळेल.

सुका

टाकीत डोकावा. नळीच्या टोकाला बोंडाएवढा फिल्टर असतो. वाकवलेल्या तारेने तो तोंडापर्यंत ओढून घ्या. काळाकुट्ट झाला असेल तर बदला. नळी बोटाने दाबून बघा : इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर एकतर फुगून लिबलिबीत होतं, नाहीतर कडक होऊन चिरतं. चिरलेल्या नळीतून पेट्रोलऐवजी हवा येते.

रबरी फुगा इथे चांगला साक्षीदार आहे. दाबल्यावर तो चेपलेलाच राहिला तर टाकीकडची वाट तुंबली आहे. लगेच फुगला पण आत नुसते बुडबुडे फिरताना दिसले, तर कुठेतरी हवा शिरते आहे. फुग्यालाच भेग गेली असेल तर ती बोटाला ओली लागते.

आणखी एक लबाड प्रकार आहे. मशीन सुरू होतं, पाच-सात मिनिटं झकास चालतं आणि आचके देऊन बंद पडतं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं. अशा वेळी टाकीचं झाकण किंचित सैल करून चालवून बघा. चाललं, तर टाकीत हवा घेणारं बारीक छिद्र बुजलेलं आहे. पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत आली नाही तर टाकी पेट्रोल सोडत नाही. ते छिद्र साफ करा. झाकण सैल ठेवून काम उरकायचा मोह आवरा. पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडतं.

हे सगळं ठीक असूनही प्लग सुकाच असेल, तर आता कार्बोरेटरची पाळी. आत नखाएवढी जाळी असते, ती पापुद्र्याने बुजते. पातळ पडदा कडक होतो. नवा पडदा बोटाला लवचिक लागतो, जुना कागदासारखा कुरकुरतो. जाळी-पडद्यांचा संच दुकानात मिळतो. उघडताना कुठला पडदा कुठल्या गॅस्केटवर होता याचा मोबाइलवर फोटो काढा.

बाहेरच्या बाजूला ‘एच’ आणि ‘एल’ अशा खुणांचे दोन स्क्रू दिसतील. त्यांना हात लावायचा नाही. मशीन गेल्या वर्षी चालत होतं म्हणजे ते स्क्रू आपल्या जागी आहेत. वर्षभर पडवीत ते स्वतःहून फिरलेले नाहीत. आधीच कोणी फिरवले असतील, आणि कोणी ना कोणी फिरवलेले असतातच, तर अलगद घड्याळाच्या दिशेने टेकेपर्यंत आत घ्या आणि मग सव्वा-दीड फेरा बाहेर काढा. तिथून मशीन निदान सुरू तरी होईल, बारीक जुळवणी मागाहून.

ओला

आधी ओव्हर झालेलं मशीन मोकळं करा. प्लग बाहेर, चोक काढलेला, रेस पूर्ण, आणि दहा-पंधरा वेळा दोरी ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडेल. तोंड लांब ठेवा, आणि विडी ओढणाऱ्या शेजाऱ्याला त्याहून लांब. फारच भरलं असेल तर भोक जमिनीकडे करून ओढा. साफ केलेला सुका प्लग घाला, चोक न लावता ओढा. बहुतेकदा एवढ्यावर काम होतं.

नाही झालं तर करंट बघा. प्लग टोपीत घाला, त्याचा आट्यांचा भाग सिलिंडरच्या उघड्या लोखंडाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते. पेट्रोलचा डबा आधीच हलवलेला असू द्या. सावलीत, कोणालातरी दोरी ओढायला सांगा. निळी, टचकन उडणारी ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर नवा प्लग लावून पुन्हा बघा. ‘बोट लावून बघ, झटका बसला तर करंट आहे’ ही चाचणी खात्रीची आहे, पण सुचवणाऱ्याच्या बोटावर करावी.

नव्या प्लगवरही ठिणगी नाही, तर स्विचकडून कॉइलकडे जाणारी बारीक वायर सोडवून बघा. ती वायर कॉइल अर्थ करून इंजिन बंद करते. सोडवल्यावर ठिणगी आली तर दोष स्विचचा किंवा वायरचा. पडवीत वर्षभर ठेवलेल्या मशीनची ती वायर उंदरांनी सोललेली असते आणि उघडं तांबं लोखंडाला चिकटून बसलेलं असतं. वायर सोडवलेल्या अवस्थेत मशीन सुरू केलं तर स्विचने बंद होणार नाही, चोक लावून गुदमरवावं लागेल, एवढं ध्यानात ठेवा. वायर सोडूनही ठिणगी नाही, तर फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यामधलं अंतर बघा. ते एका व्हिजिटिंग कार्डाएवढं असतं, साधारण ०.३ मिलिमीटर. दोघांवरचा गंज पॉलिशपेपरने काढा. तरीही काही नाही, तर कॉइल गेली. आता ते वाक्य बोलायला हरकत नाही.

उरलेलं

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पिळा, वाळवा. श्रावणात तो वाळत नाही, म्हणून फिल्टरशिवायच मशीन चालवू नका. कोकणातली तांबडी धूळ पिस्टनला पॉलिशपेपरचं काम करते. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर ती काढून काजळी झाडा. जाळीच्या बाहेर मातीचं गोल बूड दिसलं तर कुंभारीण माशीने घर केलंय. तिला मशीनची भोकं फार आवडतात. घर रिकामं आहे ना, हे आधी काडीने बघा.

शेवटी दाब. दोरीची मूठ धरून अख्खं मशीन जमिनीपासून वितभर उचला. ते दोरीवर लटकत थांबत-थांबत, टप्प्याटप्प्याने खाली यायला हवं. सरसर सरळ खाली आलं तर रिंगांनी जीव सोडला आहे. मग पेट्रोल, प्लग, कार्बोरेटर कितीही नवे घाला, ते चालणार नाही. ही चाचणी फुकट आहे, तिला पाना लागत नाही, आणि तरी ती कोणी आधी करत नाही, कारण तिच्या उत्तराची भीती वाटते.

थंड असताना सुरू होणारं मशीन चहाच्या सुट्टीनंतर सुरू होत नसेल, तर तापलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते किंवा कॉइल तापल्यावर दगा देते. फुगा दाबा, चोक न लावता ओढा. तेवढ्याने जमलं नाही तर चहाची दुसरी फेरी घ्या. थंड झाल्यावर ते सुरू झालं, तर संशय कॉइलवर.

बाजारात

कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही बाजारात एक दुकान असतं, जिथे गणपतीच्या आधी ग्रासकटरांची रांग लागते. मिस्त्री मान वर न करता विचारतो, ‘पेट्रोल कधीचा?’ तुम्ही बोलायच्या आत तो झाकण उघडून वास घेतो. मग स्विच. मग प्लग काढून टोक बघतो. म्हणजे त्याच क्रमाने, फक्त न बोलता. दोन झटक्यांत मशीन सुरू होतं आणि तुम्हाला ते अपमानासारखं वाटतं. तसं वाटून घेऊ नये. त्याने ढेकर ऐकली, एवढाच फरक. त्याच्या दुकानातही लोक बोलत असतात, पण तो त्यांना उत्तर देत नाही.

सुरू झाल्यावर

मशीन सुरू झाल्याबरोबर रेस ताणून खळ्यात मिरवू नका. अर्धा-एक मिनिट मंद चालू द्या. चष्मा आणि बूट घाला. आतापर्यंत सल्ला देत जवळ उभ्या असलेल्या सर्वांना पंधरा मीटर लांब पाठवा. हे अंतर कंपन्यांच्या पुस्तिकांमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे कोणाला राग येण्याचं कारण नाही. पात्याखालून सुटलेला खडा त्याहून जवळच्या माणसाला ओळख दाखवत नाही. गवतात आधी काठी आपटा, ज्यांना निघून जायचं आहे त्यांना संधी द्या. पायवाटेच्या कडेला, चिऱ्याच्या गडग्यालगत पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावा. ही दोरीची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली गाडी धुण्याच्या यंत्रातले गरगरणारे ब्रश बघून सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून त्यात मासे धरायची तंगूस ओवली आणि झाडाच्या बुंध्याभोवतीचं गवत कापलं. तेव्हा ओळखीच्या लोकांनी त्यांना काय काय सल्ले दिले असतील याची कल्पना खळ्यात उभं राहिल्यावर नीट येते.

मशीन पुन्हा लागेल ते दिवाळीच्या सुमारास, आंब्या-काजूच्या बागेत वाळलं गवत कापून वणव्यासाठी जाळरेषा मारायला. तेव्हा तापलेलं इंजिन सुक्या गवतावर टेकवू नका आणि गरम असताना पेट्रोल भरू नका. ज्या आगीसाठी रेषा मारायची ती तुम्हीच लावाल.

मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करा. फुगा दाबून नळ्यांतलं पेट्रोल काढा. मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. गाडीची तिकिटं, खोबऱ्याच्या वड्या, कोकमाच्या पिशव्या यांच्या गडबडीत हे राहतं, म्हणून आदल्या दिवशी.

आणि एक. मशीन सुरू झाल्याचा आवाज वाडीभर जातो. संध्याकाळपर्यंत कोणीतरी मागायला येईल, ‘तासाभरासाठी’. द्यावं, शेजार आहे. फक्त सोबत आपण कालवलेल्या मिश्रणाचा डबा द्या आणि संपलं की आपल्याकडूनच घेऊन जा म्हणून सांगा. त्यांच्या घरी पेट्रोल आहे, असं ते म्हणतील. ते मोटरसायकलमधून काढलेलं असतं आणि त्यात ऑइल नसतं.